ताडपत्रीखालची अमावस्या

आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी, एका खिळ्याला वीतभर नारिंगी दोरी लटकते आहे. तिला एक गाठ आहे आणि ती गाठ आजवर कोणालाही सुटलेली नाही. मंदाकिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आधी नखाने, मग सुईने, शेवटी दाभणाने प्रयत्न केला. खालच्या मजल्यावरचे टिल्लू स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, "यात काय विशेष आहे" म्हणत बराच वेळ बसले, चहा प्यायले आणि "नायलॉनच हलकं आहे" असा निकाल देऊन गेले. मी मात्र तिला हात लावत नाही. का लावत नाही ते सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, माझा आग्रह नाही. उभा जन्म विमा कंपनीच्या दावे विभागात गेला की माणसाला आग्रहाची सवय राहत नाही, नकाराची राहते.

सुरुवात तनयापासून झाली. तनया म्हणजे आमची कन्या. हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्वतःचं कमावते, आणि आमचं ऐकायचं असतं हे साफ विसरली आहे. एका रविवारी जेवताना, मी आमटीत भात कालवत असताना, तिने जाहीर केलं, "बाबा, मी आठवडाभर सह्याद्रीत चालत जाणार आहे. एकटी."

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी. राहायला टार्प आहे."

आणि तिने भाकरीच्या डब्यापेक्षा लहान असं एक पुडकं ताटाशेजारी ठेवलं. उलगडून बघतो तर ताडपत्री! पावसाळ्यात टिल्लू स्कूटरवर घालतात ना, तशीच, फक्त पातळ आणि करड्या रंगाची. तिला जमीन नाही, भिंत नाही, दार नाही. दोन काठ्या उभ्या करायच्या, त्यांच्यावर ही टाकायची, कोपऱ्यांच्या दोऱ्या झाडाला नाहीतर खुंटीला बांधायच्या. मग माणसाने एका पिशवीत शिरायचं, त्या पिशवीवर आणखी एक पिशवी चढवायची, जिला बिव्ही म्हणतात, आणि या अवस्थेत खाली सरपटत जाऊन झोपायचं. लोक हे हौसेने करतात.

"याला कडी कुठे आहे?" मी विचारलं.

"कडी कोणासाठी लावायची, बाबा? तिथे कोणी नसतं."

"कोणी नसतं तिथेच कडी लागते."

मी नाही म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. माझा आवाज चढला की घरात सगळ्यांना वाटतं मी चिडलो. अहो, चिडलो नव्हतो, घाबरलो होतो! माणसं कशी कशी मरतात हे मी वर्षानुवर्षं कागदावर वाचलेलं आहे. बाथरूममध्ये घसरून, शिडीवरून पडून, आंबा काढताना. आणि ही माझी एकुलती एक पोर डोंगरात ताडपत्रीखाली झोपणार.

तनयाने शांतपणे ताक वाढून घेतलं आणि म्हणाली, "ओके. तुम्ही एक रात्र याच्याखाली काढून दाखवा. डोंगरावर, एकटे. काढलीत तर मी जाणार नाही, पुन्हा विषयही काढणार नाही. मध्येच उठून आलात किंवा कोणाला सोबतीला घेतलंत, तर मी जाणार आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

यावर मंदाकिनीला इतकं हसू आलं की तिला पाणी प्यावं लागलं. "पायजम्याच्या नाडीला गाठ बसली तर मला हाका मारतात, अन् हे निघाले डोंगरावर!"

त्या हसण्याने माझं ठरलं.

सराव म्हणून मी टार्प आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेला. टिल्लू सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट फुटणार आहे असं गृहीत धरून चालतात. ते माझ्या मागोमाग वर आलेच.

"मंडप कसला? बारसं आहे का?"

"सराव आहे."

"कशाचा?"

"झोपण्याचा."

टिल्लूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरात काही झालंय का, मेहेंदळे? मोकळेपणाने सांगा." मी काही झालेलं नाही असं सांगितलं, म्हणजे नक्की काहीतरी झालेलं आहे हे त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर तात्पुरती बांधकामं करू नयेत अशी पाटी लागली आणि तिसऱ्या मजल्यावरून माझ्यासाठी डब्यात थालीपीठं आली. जिन्यात भेटेल तो माझ्या खांद्यावर हात ठेवून "होतं असं" म्हणायला लागला. संध्याकाळी वारा सुटला, मी मारलेल्या चारही गाठी एकदम सुटल्या, टार्प उडाला आणि टिल्लूंच्या सोलरच्या नळ्यांवर पसरला. सकाळी त्यांना गार पाण्याने अंघोळ करावी लागली. त्यानंतर त्यांनी मला खुंटी कशी मारावी यावर व्याख्यान दिलं, ते मी पूर्ण ऐकून घेतलं, कारण चूक माझी होती.

मग मी वेताळ टेकडीवर गेलो. तिथे रखवालदाराने हटकलं. "काका, इथं तंबू लावायला परवानगी नाही."

"हा तंबू नाही. टार्प आहे."

"मग तर अजिबातच नाही."

तनयाने घरातल्या दाराच्या मुठीला दोरी बांधून मला एक सरकती गाठ शिकवली. ताण कमी झाला की ती सरकवून घट्ट करायची असते. तिच्या हातात ती गाठ दोन वेढ्यांत होते. माझ्या हातात तिचं दर वेळी बुटाच्या लेसचं फूल होत असे. "जाऊ दे बाबा," ती म्हणाली, आणि त्या 'जाऊ दे'त इतकी माया होती की मला जास्तच राग आला.

दिवस ठरला तेव्हा मंदाकिनीने भिंतीवरच्या कालनिर्णयात डोकावून सांगितलं, "त्या दिवशी अमावस्या आहे. पौषातली."

"मग तर त्याच दिवशी जाणार," मी म्हणालो. अमावस्येला माणसं जास्त मरतात असं आमच्या विभागाच्या आकडेवारीत कधीही दिसलेलं नाही. हे वाक्य मी जरा ठसक्यात म्हणालो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

खडकवासल्याच्या पुढे, वरच्या धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने रस्ता जातो, तिथून एक फाटा सोनखांबवाडीला वर चढतो. तनयाने मला दुपारी स्कूटरवरून वाडीच्या अलीकडे सोडलं. ती खडकवासल्याला मैत्रिणीकडे राहणार होती, सकाळी न्यायला येणार होती. "वर माळ आहे, त्याच्या टोकाला कडा आहे, तिकडे जायचं नाही. नको वाटलं तर खाली वाडीत जा. मी हसणार नाही." मग उगाचच माझी कानटोपी सारखी केली आणि गेली. स्कूटरचा आवाज वळणावर संपला आणि मला पहिल्यांदा कळलं की मागे काहीच आवाज उरलेला नाही. पाखरू नाही, गुरांच्या घंटा नाहीत. खाली पाणी होतं, पण तेही हलत नव्हतं.

चढून गेलो तर वरचा माळ ऐसपैस होता. एकच पळस, त्याच्याजवळ दगडांची रास, आणि तीन पायवाटा तिथे येऊन मिळालेल्या. पळसाखालची जागा अगदी सपाट आणि गवतसुद्धा न उगवलेली. मला फार आनंद झाला. फक्त एक गोष्ट खटकली. कचरा! नारळाच्या करवंट्या, सुकलेली लिंबं, फुटक्या हिरव्या बांगड्या, वाळलेल्या पत्रावळी. आपल्या लोकांना सहलीला येऊन घाण करायची काय हौस आहे बघा. मी अशा वेळी नुसता बोलून थांबत नाही. सगळं गोळा केलं, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं आणि पिशवी पळसाच्या फांदीला अडकवून ठेवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला लाज वाटेल. मग काठ्या उभ्या केल्या, ताडपत्री टाकली, खुंट्या ठोकल्या, एक दोरी पळसाला बांधली. फूलच झालं गाठीचं, पण जरा मोठं. थर्मासमधला चहा प्यायलो आणि टार्पखाली बसून सूर्यास्त बघत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, जमलं आपल्याला.

सूर्य बुडाला आणि खालच्या वाटेने एक बाई वर आली.

डोक्यावर पदर, हातात पत्रावळ, पत्रावळीत दहीभात आणि त्यावर काहीतरी लाल. मी टार्पखालून वाकून बाहेर आलो आणि म्हणालो, "नमस्कार. वाडीतल्या का?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. पळसाच्या पलीकडे पत्रावळ ठेवली, एक लिंबू ठेवलं, वळली आणि आली त्या वाटेने चालायला लागली.

"अहो बाई, मी आत्ताच झाडून काढलंय इथे!"

उत्तर नाही. पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती एकदाही वळली नाही. तेवढ्यात दुसऱ्या वाटेने एक म्हातारा आला, त्याच्यामागे आणखी एक बाई, मग एक धिप्पाड माणूस. कोणाच्या तोंडातून शब्द नाही, कोणाच्या पावलांचा म्हणावा असा आवाज नाही, एकमेकांशीसुद्धा बोलत नव्हते. यायचे, वाकायचे, ठेवायचे, वळायचे. उजेड विटत चालला होता आणि त्यात ती माणसं मला करडी, चपटी दिसायला लागली. मी विचारलं, "काय चाललंय?" मी विचारलं, "ऐकू येतं का?" पुण्यात माणूस एकदाच विचारतो आणि उत्तर मिळालं नाही तर अपमान समजून निघून जातो. पण इथे निघून जाणार कुठे? शेवटी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "अहो, मी माणसासारखा विचारतोय ना?" तसा तो धिप्पाड माणूस पळत सुटला. पळताना त्याच्या पायातली चप्पल निघाली. ती उचलायलाही तो मागे वळला नाही.

ती चप्पल वाटेत पालथी पडून राहिली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. माणूस एक वेळ उत्तर देणार नाही, पण आपली चप्पल सोडेल? मनाला म्हटलं, यज्ञेश्वर, ही माणसं नाहीत. मग मनाला म्हटलं, मूर्खासारखा विचार करू नकोस. मग दोघेही गप्प बसलो. फोन काढला तर रेंज नव्हती. खाली वाडीत जावं तर ते सगळे तिकडच्याच वाटांनी गेलेले. पिशवीत शिरलो, तिच्यावरची पिशवी ओढली आणि रामरक्षा म्हणायला लागलो. बुद्धिप्रामाण्यवादी माणसाला ती पाठ असते, फक्त तो म्हणत नाही.

आणि नेमकी त्याच वेळी पळसाची गाठ सैल पडली. टार्पचा कोपरा हळूच खाली आला आणि माझ्या तोंडावर टेकला. थंड आणि दवाने ओला.

"गाठ चुकली," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

मी ओरडलो नाही, कारण तोंडावर ताडपत्री होती.

"अशी बुटाला मारतात. झाडाला नाही चालत. या बाहेर, टोक धरा."

आवाज स्वच्छ होता, जरा नाकातला, अस्सल पेठेतला. तुम्हाला सांगतो, त्या आवाजातला तुसडेपणा ऐकून माझा जीव भांड्यात पडला. माणूस! उत्तर देणारा माणूस! मी पिशवीसकट बाहेर आलो. अंधारात एक उंच आकृती पळसाशी उभी होती. कानटोपी, मफलर, हातात काठी. मी डोक्याला बांधलेला टॉर्च लावला तसे ते म्हणाले, "डोळ्यांवर नको. सवय नाही." मी लगेच बंद केला. शिष्टाचार म्हणून एक गोष्ट असते.

मी टोक धरलं, त्यांनी दोरी फिरवली. त्यांचा हात माझ्या बोटांना लागला, बर्फासारखा गार. पौषातली थंडी, माझे हातही काही गरम नव्हते. टार्प ताठ झाला.

"आता नाही सुटायची," ते म्हणाले. "मी कुठे एवढं लक्ष दिलं होतं पूर्वी? सैल मारली की पस्तावतो माणूस."

"बसा ना," मी म्हणालो. मला ते जायला नको होते. "चहा घेता? थर्मासमध्ये आहे."

"नको. आमचं होत नाही आता ते." ते दगडांच्या राशीवर बसले, माझ्याकडे पाठ करून, आणि हात लांब करून त्यांनी एक पत्रावळ ओढली.

"अहो, ते काय खाताय! कोणी ठेवलंय माहीत नाही!"

"माहीत आहे की. आमच्यासाठीच ठेवतात." त्यांनी घास घेतला आणि चुकचुकले. "मीठच नाही. दर वेळी तेच. सांगावं म्हटलं तर मेले थांबत नाहीत, तोंड फिरवून पळतात."

"मलाही कोणी उत्तर दिलं नाही!" मी म्हणालो. "काय माणसं आहेत! साधी रीत नाही!" या विषयावर आमचं फारच जमलं. मी मनाशी समजलो की हे इथले पुजारी असावेत, किंवा राखणदार, किंवा शहराला कंटाळून येऊन राहिलेले कोणी निवृत्त. पुण्यात असे पुष्कळ आहेत.

"कुठले तुम्ही?" मी विचारलं.

"मूळचा नारायण पेठेतला."

"आम्ही सदाशिवातले. आता कोथरूड."

"अस्सं. म्हणजे सुटलात." मग काठीने खाली अंधाराकडे दाखवत म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा खाली नदी होती. पाणी एवढं वर नव्हतं."

"धरण झालं नव्हतं का तेव्हा?"

"झालं कधीतरी. मला कळलं नाही."

हे विचित्र वाटायला हवं होतं. पण बोलणारं माणूस मिळाल्याच्या आनंदात मी सगळं पोटातलं बाहेर काढलं. तनया, टार्प, पैज, टिल्लू, सोलरच्या नळ्या. ते मान न वळवता ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे मुलीला नाही म्हणता यावं म्हणून इथवर आलात?"

"हो."

"अहो, एवढं नाही म्हणायला घरी बसूनही म्हणता आलं असतं."

मला राग आला. आणि रागाच्या भरात खरं बोललो. "मला भीती वाटते हो. ती गेली आणि परत आलीच नाही तर? मी काय करू मग?"

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. खाली पाण्यावर काहीतरी एकदा वाजलं आणि थांबलं.

"मीही घरी सांगून आलो होतो," ते म्हणाले. "सकाळी येतो म्हणून. मुलगी दारात उभी होती. मलाही बरोबर ने म्हणून हट्ट धरून बसली होती, मी नाही म्हटलं. कड्यावरून उतरायला दोरी लावली आणि गाठ मारायला घाई केली. टोक धरायला कोणी नव्हतं." पत्रावळ बाजूला सारून ते उठले. "झोपा तुम्ही. मी आहे इथेच. मी कुठे जातोय?"

मी झोपलो. कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या उघड्या माळावर, कडी नसलेल्या ताडपत्रीखाली, मला घरच्यापेक्षा गाढ झोप लागली. अधूनमधून वारा ताडपत्रीवरून जायचा, पण कोपरा हलायचा नाही.

जाग आली ती कोणीतरी टार्पला काठीने ढोसत होतं तेव्हा. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात वाडीतली चार माणसं.

"मानूस हाय का?" एकाने विचारलं.

"नाही, टपालपेटी आहे," मी म्हणालो. झोपमोड झाली की माझ्यातला पुणेकर माझ्या आधी उठतो.

तो कालचाच धिप्पाड माणूस होता, एका पायात चप्पल असलेला. त्याचं नाव जयसिंग. मी माणूस आहे याची खात्री झाल्यावर तो मटकन खालीच बसला. "आवं, किती भ्यालो आमी! अवसंचा उतारा ठिवायला आलो, अन् पळसाखालनं आवाज! मागनं कुनी हाक मारली तर वळायचं न्हाई, बोलायचं न्हाई, असाच दंडक हाय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई आमच्या घरात."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ज्याला कचरा समजून पिशवीत भरलं तो उतारा होता, आणि ज्यांना भुतं समजलो ती बिचारी माणसं होती. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागलो. "अहो, मग आधी सांगायचं! तुमचे ते मफलरवाले गृहस्थ तरी बरे, तासभर गप्पा मारून गेले."

कोणी हसलं नाही.

"कोन गृहस्थ?" जयसिंग म्हणाला.

"उंच. कानटोपीवाले. इथे बसून भात खात होते. तुमच्या भाताला मीठ नसतं अशी तक्रार करत होते."

त्यांच्यात कालची ती पदरवाली बाई होती, तुळजाबाई, जयसिंगची आई. तिने तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "उताऱ्याच्या भातात मीठ घालतच न्हाईत, दादा. तुमास्नी कसं कळलं?"

धुकं आमच्यामधून सरकत गेलं. पळसाखाली पत्रावळी होत्या. बाकीच्या जशाच्या तशा, दवाने भिजलेल्या. एक रिकामी.

जयसिंगने रिकाम्या पत्रावळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम निवळला. "साहेब, भूक लागली हुती तर खाली यायचं व्हतं. आमी काय न्हाई म्हनलो असतो?"

मी! यज्ञेश्वर मेहेंदळे! उताऱ्याचा भात खाल्ला! मी प्राण कंठाशी आणून नाही म्हणून सांगितलं, पण ते माना डोलवत राहिले. त्यांना दुसरं काही मानायचंच नव्हतं, आणि खरं सांगू, मलाही. वाडीत आजही माझी ओळख भात खाल्लेला पुण्याचा साहेब अशीच आहे. फक्त तुळजाबाई हसली नाही. जाताना तिने पळसाला लांबूनच हात जोडले.

तनया आली तेव्हा ऊन पडलं होतं. मला टार्पखाली बसलेला बघून ती आधी धावत आली, "बाबा, राहिलात! सीरियसली राहिलात!" आणि मग तिच्या लक्षात आलं. हसू तसंच ठेवून तिने मान खाली घातली. "जिंकलात. मी सोमवारी रजा रद्द करते." तिने एवढंच म्हटलं आणि खुंट्या उपटायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी जिंकलो होतो. ती घरात राहणार होती, कडीच्या आत, रोज रात्री माझ्या डोळ्यांसमोर. मला हेच तर हवं होतं.

पळसापाशी जाऊन ती थांबली. नखाने गाठ चाचपली, वाकून बघितली. "बाबा, ही गाठ कोणी मारली?"

'मी' म्हणालो असतो तर संपलं होतं. जगात कोणाला काही कळलं नसतं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला दारात उभी असलेली ती दुसरी मुलगी दिसली, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

"मी एकटा नव्हतो," मी म्हणालो. "एक गृहस्थ होते सोबत. रात्रभर."

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हरलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच? का मला जाऊ द्यायचं म्हणून म्हणताय?"

"मी जन्मात कोणाचा खोटा दावा मंजूर केलेला नाही," मी म्हणालो, आणि मला चष्मा पुसावा लागला. धुक्याने खराब झाला होता. गाठ काही सुटेना, तेव्हा तिने पळसामागून दोरी कापली आणि गाठीचा तुकडा मी खिशात ठेवला.

पुढच्या महिन्यात तनया गेली. मी दारापर्यंत गेलो, सल्ला दिला नाही, फक्त तिच्या पाठपिशवीचा एक पट्टा उगाचच ओढून बघितला. पहिल्या दोन संध्याकाळी तिचा फोन आला. तिसऱ्या संध्याकाळी आला नाही. मी गॅलरीत त्या खिळ्यापाशी उभा राहिलो. मंदाकिनीने भात टाकला होता, त्याचा वास येत होता आणि मला तो सहन होत नव्हता. शेवटी मेसेज आला. रेंज जेमतेम आहे, फोन लागणार नाही, आणि एक फोटो. कुठल्याशा पठारावर संधिप्रकाशात तो करडा टार्प, चारही कोपरे ताठ.

खाली लिहिलं होतं, 'बाबा, एक काका भेटले. मफलरवाले. माझ्या गाठी तपासल्या, एक परत मारून दिली, मला टोक धरायला लावलं. खूप टोमणे मारतात, पण गोड आहेत. खिचडी केली होती, त्यांनाही दिली. मीठ बरोबर पडलंय म्हणाले.'

मी ते वाचलं. परत वाचलं. खिळ्यावरच्या त्या गाठीकडे बघितलं, आणि छातीवरचं काहीतरी, पहिल्या दिवसापासून बसलेलं, उठून गेलं.

"काय म्हणते?" मंदाकिनीने आतून विचारलं. "जेवली का?"

"जेवली."

"एकटीच आहे ना हो ती तिथे?"

"नाही," मी म्हणालो. "एक गृहस्थ आहेत सोबतीला."

ती पदराला हात पुसत दारात आली. "कोण गृहस्थ? ओळखीचे आहेत का?"

"आहेत. नारायण पेठेतले."

"मग हरकत नाही," ती म्हणाली, आणि गॅस बंद करायला आत गेली.